मादागास्करला जाताना मलेरियाची गोळी कोणती: रोजची की आठवड्याची?

पंचवटीतला माझा भाचा महिनाभर मादागास्करला निघालाय. तिथला मलेरिया बहुतांशी फॅल्सिपेरम, म्हणजे जिवावर बेतणारा. प्रवाशांना देता येईल अशी त्याची लस नाही, गोळ्याच घ्याव्या लागतात. 

मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच, 250 मिलिग्रॅम. कॅलेंडरवर सोमवारी गोल केला की झालं. पण ती निघण्याआधी 2-3 आठवडे सुरू करावी लागते. काहींना भयानक स्वप्नं पडतात, घबराट होते. नैराश्य किंवा फिट्सचा इतिहास असेल तर ती नकोच. लवकर सुरू केल्याने त्रास झालाच तर घरीच कळतो, हे मात्र चांगलं.

डॉक्सिसायक्लिन रोज 100 मिलिग्रॅम, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून. घाईत ठरलेल्या प्रवासाला हीच सोयीची. पण उन्हात कातडी भाजते. नुसत्या घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवं झालं तर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. पेलाभर पाणी प्या, अर्धा तास बसून राहा. गर्भवतींना आणि 8 वर्षांखालच्या मुलांना ही सहसा देत नाहीत.

परीक्षेच्या दिवसांत भाच्याची झोप उडायची, म्हणून मी डॉक्सिसायक्लिनच्या बाजूने बोलले आणि डॉक्टरांनाही ते पटलं. दोन्ही गोळ्या परतल्यावर 4 आठवडे चालू ठेवायच्या असतात. नाशिकला पोचल्यावर नेमकं हेच राहून जातं, म्हणून शेवटची पट्टी मी आत्ताच ताईकडे देऊन ठेवली आहे.