कमी उजेडातली झाडं, दोन फुटी टाकी: आठ महिन्यांनंतर

नेरूळला आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, खिडकीसमोर शेजारची बिल्डिंग. हॉलमध्ये भर दुपारी ट्यूब लावावी लागते. माशांच्या टाकीत पाण्याखाली लावलेल्या झाडांना हॉलच्या अंधाराने काही फरक पडत नाही, त्यांना वरचा एलईडीच दिसतो. पण थेट ऊन येत नसल्यामुळे शेवाळाची निम्मी कटकट वाचते, हे नंतर कळलं.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, पंधरा इंच उंच. दगड-रेती धरून पाणी साधारण साठ लिटर. मासे म्हणाल तर गप्पी आणि चार कोरीडोरास, म्हणजे तळाशी फिरणारे छोटे मासे. झाडांना कार्बन डायऑक्साइड देणारा सीओटू सिलिंडर नाही, महागडी माती नाही, खाली साधी धुतलेली बारीक रेती.

पहिल्या खेपेतच फसलो. दुकानदाराने 'पाण्यातलीच आहेत' म्हणून जी तीन झाडं दिली, त्यातलं एक ड्रॅसिना निघालं. हे कुंडीतलं झाड. मुळं पाण्यात चालतात, पण अख्खं बुडवलं की हळूहळू सडतं. पान कडक आणि पाण्याबाहेर ताठ उभं राहत असेल तर आता मी दोनदा विचारतो.

टिकली ती अनुबियास नाना, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन वेंडटी आणि जावा मॉस.

अनुबियास आणि जावा फर्नचं आडवं खोड दिसतं थेट आल्यासारखं. म्हणून मी ते आल्यासारखंच रेतीत पुरलं. तिथेच चुकलं. ते खोड गाडलं की कुजतं. मुळं खाली गेली तरी चालतात, खोड उघडं हवं. अनुबियासचा एक तुकडा बोटाने दाबला तर मऊ लागला आणि वास आला. कुजका भाग ब्लेडने कापला आणि उरलेलं ड्रिफ्टवुडला, म्हणजे टाकीतल्या लाकडाच्या ओंडक्याला, फेव्हिक्विकचा ठिपका देऊन चिकटवलं. माशांना काही झालं नाही. जावा फर्न शिवणाच्या दोऱ्याने बांधला. दोन-तीन महिन्यांत मुळांनीच लाकूड धरलं, दोरा मी काढून टाकला.

क्रिप्टने, म्हणजे क्रिप्टोकोरिनने, तर घाबरवलंच. लावल्यावर दहाव्या दिवशी पानं पारदर्शक होऊन विरघळायला लागली. फेकून देणार होतो. पण ही झाडं नर्सरीत बहुतेक पाण्याबाहेर वाढवलेली असतात, बुडवल्यावर जुनी पानं टाकून पाण्यातली नवी काढतात. मुळं तशीच ठेवली, शेजारी एक रूट टॅब, म्हणजे मुळांसाठी खताची गोळी, खोचला. दीड महिन्याने तांबूस, नागमोडी कडांची पानं आली. आज टाकीत सगळ्यात देखणं तेच आहे. तेव्हापासून त्याची जागा मात्र बदललेली नाही. हलवलं की ते पुन्हा रुसतं म्हणतात आणि मला प्रयोग करायचा नाही.

आता शेवाळ. दोष माझाच. झाडं वाढेनात म्हणून मी दिवा आठ तासांवरून दहावर नेला. झाडं तेवढीच राहिली, काचेवर आणि अनुबियासच्या पानांवर मात्र हिरवे ठिपके. कारण सोपं आहे: हे झाड महिन्याला जेमतेम एक पान काढतं आणि तेच पान वर्ष-वर्ष टिकतं, म्हणजे शेवाळाला बसायला कायमची जागा. वाढीचा वेग नुसत्या उजेडाने नाही, झाडाच्या स्वभावानेही ठरतो. अडीचशे रुपयांचा टायमर घेऊन दिवा संध्याकाळी पाच ते रात्री अकरा, सहा तासांवर बांधला. ठिपक्यांनी भरलेली तीन पानं कापली, अनुबियास फिल्टरच्या सावलीत सरकवलं, मागे हॉर्नवर्ट या सुईसारख्या पानांच्या पाणवनस्पतीची एक काडी सोडली. ती झपाट्याने वाढते आणि शेवाळाचं खत आधी खाऊन टाकते. सुया मात्र सगळीकडे गाळते, आणि फिल्टरच्या तोंडाशी अडकायला जावा मॉस आहेच. दर रविवारी फिल्टरचा स्पंज धुणं आलं.

जावा फर्नच्या पानामागे काळे ठिपके दिसले, तेव्हा रोग समजून मी दोन चांगली पानं कापली. ते बीजाणू होते! पुढे जुन्या पानांच्या टोकांना छोटी रोपंच फुटली, मुळांसकट. त्यातली दोन मावशीच्या ऐरोलीच्या टाकीत गेली.

मेमध्ये पाणी ३१ अंशांपर्यंत चढलं. टाकीवर क्लिपचा छोटा पंखा लावला, एक-दीड अंश उतरलं. आपल्याकडच्या दमट हवेत त्याहून जास्त अपेक्षा नको. बाष्पीभवनाने पातळी घटते, ती रोज भरावी लागली. बाकी आठवड्याला एक बादली पाणी बदलतो, नळाचं, त्यातलं क्लोरीन घालवणारं अँटी-क्लोरीन टाकून. पातळ खत पंधरा दिवसांतून एकदा, बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्मंच.

झाडांवर खर्च ड्रॅसिना धरून साडेआठशे रुपये. आई अधूनमधून टाकीपाशी वाकून म्हणते, "अरे, कोथिंबीर पेरली असतीस तर दहा दिवसांत उगवली असती." परवा मात्र तिनेच हाक मारली. अनुबियासला नवं पान आलं होतं, पोपटी, अजून गुंडाळलेलं. तिच्या हिशेबाने नववं.