माळावरच्या वाऱ्यात लायमन ग्रेट प्लेन्स

ठासणीच्या बंदुकीने लांबवर गोल गोळी मारायची हौस असेल तर लायमन कंपनीची ग्रेट प्लेन्स रायफल बघा, आणि घ्यायचीच तर .50 सोडून .54 घ्या (हे आकडे म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचांत). मी पश्चिम कॅन्ससमध्ये राहतो. इथल्या माळावर वारा पडण्याची वाट बघत बसलं तर बार उडायचाच नाही, त्यामुळे माझं हे मत वाऱ्यातच बनलेलं आहे.

बंदूक हॉकन धाटणीची. सेंट लुईसचे हॉकन बंधू रॉकी पर्वतात जाणाऱ्या शिकाऱ्यांसाठी बनवत, तो घाट. ही इटलीत बनलेली. 32 इंची अष्टकोनी नळी, अक्रोडाचा दस्ता. आपल्याकडे कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असते ती ठासणीची बंदूक बहुधा आतून गुळगुळीत असते. हिच्या नळीत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, आहेत आणि तेही सावकाश वळणारे, 60 इंचांत एक फेरा. चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीला एवढंच हवं. 32 इंचांत फेरा घेणारी हंटर आवृत्तीही आहे, पण ती लांबट गोळीसाठी. तिच्यात दारू जास्त भरली की चिंधी आट्यांवरून घसरते.

आता वारा. गोल गोळी हवेत फार लवकर दमते. नळीतून सेकंदाला 1800 फुटांच्या आसपास निघालेली गोळी 100 यार्डांवर पोचेपर्यंत हजाराच्या घरात आलेली असते. हवेमुळे पोचायला जो उशीर होतो, त्या उशिराच्या हिशोबाने वारा तिला बाजूला नेतो. ताशी 10 मैलांच्या आडव्या वाऱ्यात 100 यार्डांवर वीतभर तरी धरून चाला. पुष्कळ जण यावर दारू वाढवतात. त्याने खांदा दुखतो, धूर होतो, पण वाऱ्यापुढे फारसा उपयोग नाही, कारण वाढवलेला वेग हवा आधीच खाऊन टाकते. उपयोग होतो गोळीच्या वजनाचा. .50 मधली .490 इंच व्यासाची शिशाची गोळी साधारण 177 ग्रेन वजनाची (ग्रेन म्हणजे गोळ्या तोलायचं बारीक माप), .54 मधली .530 ची 224 ग्रेनची. फरक जादूचा नाही, पण नेमासाठी लांब लावलेल्या लोखंडी पाटीवर तो कळतो.

या बंदुकीचं मला सगळ्यात आवडतं ते दोन चापांचं यंत्र. मागचा चाप ओढून ठेवायचा, मग पुढच्याला बोट लागताच बार होतो. वाऱ्यात हे फार मोलाचं आहे. नेम धरून झोत ओसरायची वाट बघता येते, आणि ओसरला की नेम न हलवता बार काढता येतो. हे हलक्या चापाशिवाय जमत नाही. बंदूक जड आहे, उभ्याने मारताना हात भरून येतात, पण तेच वजन झोतात नळी स्थिर ठेवतं. दस्त्याची पट्टी चंद्रकोरीसारखी आत वळलेली आहे, तेव्हा ती छातीवर नको, खांद्याच्या टोकाला, दंडाजवळ बसवा.

वारा वाचताना पाटीजवळच्या गवताकडेच बघत बसू नका. गोळी सुरुवातीला जेवढी ढकलली जाते तो तिरकेपणा पुढे सगळ्या अंतरभर वाढत जातो, म्हणून आपल्या पुढ्यातलं गवत जास्त सांगतं.

उडालेल्या चिंध्या उचलून बघायची सवय लावा. जळलेली किंवा फाटलेली असेल तर चिंधी जाड घ्या किंवा तिला लावायची चरबी वाढवा. तोवर वाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. दारू काळीच, बिनधुराची कधीही नाही, आणि मापातून ओतायची, दारू ठेवायच्या शिंगातून थेट नाही. दोन पाचरी काढल्या की नळी सुटी होते, गरम पाण्यात धुवायला सोपी.

नवी सहज मिळत नाही. वापरलेली घेताना गजाला ओली चिंधी लावून नळीत फिरवा. चिंधी तांबूस निघाली किंवा मध्येच अडकली, तर किंमत कितीही कमी असो, ती सोडून द्या.