मूठ सैल की डोकं शांत?

नांदेड-लातूरकडच्या पूल (टेबलावरचा बॉल-काठीचा खेळ) पार्लरमध्ये डाव जिंकायला शेवटी घालायचा आठ नंबरचा काळा बॉल तेवढा उरला की भल्याभल्यांचे खांदे कानाला टेकतात. त्यावर उपाय दोन.

एक शरीराचा. क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, मागच्या हातात नुसता पेलायचा, आवळायचा नाही. मूठ आवळली की मनगट ताठरतं, क्यूचं टोक वाकडं जातं आणि क्यूने मारायच्या पांढऱ्या बॉलला नको ती फिरकी बसते. श्वास सोडून झाला की फटका. फरक लगेच कळतो. पण पैज लागली की बोटं पुन्हा आवळलीच म्हणून समजा.

दुसरा मनाचा: दर फटक्याला तोच क्रम. क्यूच्या टोकाला चॉक, उभ्यानेच नेम ठरवणं, मग वाकणं, दोन-तीनदा क्यू हलकेच मागेपुढे, फटका. वाकल्यावर शंका आली तर सरळ उभं राहून पहिल्यापासून सुरुवात, मागून कुणी ‘मार की रं आता’ म्हणून ओरडलं तरी. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, म्हणून बहुतेक जण मध्येच सोडतात.

नवख्याने आधी मूठच सैल करावी. स्पर्धा खेळणाऱ्याला मात्र क्रमावाचून गत्यंतर नाही. आणि मे महिन्यात घामाने क्यू हाताला चिकटत असेल, तर दोन्हींच्या आधी रुमाल.