निरामय की कंपनीची मेडिक्लेम?

ऑटिझममध्ये मोठा खर्च थेरपीचा. स्पीच, ऑक्युपेशनल, दर आठवड्याला, वर्षानुवर्षं. हिंजवडीतल्या कंपनीची मेडिक्लेम पाच लाखांची असली, तरी बहुतेकदा २४ तास ॲडमिट झाल्याशिवाय हलत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा म्हणतो, शारीरिक आजारासारखाच विमा द्या. पण ओपीडीचा, म्हणजे ॲडमिट न होता घेतलेल्या उपचाराचा खर्च शारीरिक आजाराला तरी कुठे मिळतो?

केंद्राची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना एका लाखाचीच, पण ओपीडी आणि थेरपी धरते (थेरपीला वेगळी मर्यादा आहे), आधी तपासण्याही मागत नाही. पैसे मात्र आधी आपल्या खिशातून, मग पावत्या जोडून परत. शिवाय दिव्यांग प्रमाणपत्र हवं, म्हणजे पुण्यातल्या ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाची वारी आलीच. एकच निवडायची तर मी निरामय घेईन. नुसता एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असेल तर ती मिळतच नाही. अशा मुलांच्या पालकांनी ओपीडीवाली पॉलिसी शोधावी.