डेंग्यूच्या थिसिससाठी कुठला मार्कर घ्यावा: एमडीए, ग्लुटाथायोन, कार्बोनिल की टोटल अँटिऑक्सिडंट?

पाऊस लागला की नागपुरात डेंग्यूचे वॉर्ड भरतात आणि मग थिसिसचा विषय शोधणारे ज्युनियर मला विचारतात, ताई, इन्फेक्शन किती सिरीयस आहे ते रक्तातल्या ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसवरून बघायचंय, तर मार्कर म्हणून रक्तात मोजू काय? गाईडचं एक म्हणणं, पेपरात दुसरंच, आणि किटवाला तिसरंच विकून राहिला असतो. म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते.

व्हायरसशी लढताना न्यूट्रोफिल, मोनोसाइट या पांढऱ्या पेशी भसाभस सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचंच जहाल रूप) सोडतात, मायटोकॉन्ड्रियाही बिघडतात, आणि त्यातून जे रॅडिकल होतात ते आपल्याच पेशींची चरबी, प्रोटीन, डीएनए जाळतात, हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. एमडीए (मॅलॉनडायअल्डिहाइड, जळालेल्या चरबीतून येतं) आणि कार्बोनिल (जळालेल्या प्रोटीनवरची खूण) म्हणजे त्या जाळाची राख, आणि ग्लुटाथायोन (पेशीतलं संरक्षक रसायन), एसओडी (सुपरऑक्साइड मोडणारं एन्झाइम), टोटल अँटिऑक्सिडंट (सगळ्यांची मिळून ताकद) म्हणजे विझवायचं पाणी.

एमडीए सगळे घेतात कारण स्वस्त आहे, थायोबार्बिट्युरिक अ‍ॅसिड टाका, उकळत्या पाण्यात ठेवा, गुलाबी रंग येतो तो ५३२ नॅनोमीटरला वाचा, झालं. पण तो रंग एकट्या एमडीएचा नसतो, सायलिक अ‍ॅसिड, बिलिरुबिन, काही साखरा पण त्यात घुसतात आणि डेंग्यूत लिव्हरला मार बसलेला असला की हे नडतं. हिमोलिसिस, म्हणजे लाल पेशी (आरबीसी) फुटणं, तर सगळ्यात वाईट. माझ्या पहिल्याच बॅचमध्ये चार सॅम्पल इतके गडद गुलाबी आले की मला वाटलं भारी रिझल्ट मिळाला, नंतर कळलं की बारीक सुईने काढलेलं रक्त होतं, आरबीसी फुटलेल्या होत्या आणि त्यातलं लोखंडच गरम करताना चरबी जाळत होतं. चारही फेकावे लागले. बीएचटी (चरबी आणखी जळू न देणारं रसायन) टाका, प्लाझ्मा लगेच वेगळा करा आणि लालसर दिसला तर सरळ बाद करा.

ग्लुटाथायोन मला जास्त आवडतं, कारण ते संपतंय का हे थेट दिसतं. एलमन रिएजंट, ४१२ ला पिवळा रंग, सोपंच आहे. पण ते प्लाझ्मात मोजू नका, तिथे मायक्रोमोलर आणि आरबीसीत मिलिमोलर असतं, म्हणजे जराशा फुटलेल्या आरबीसी सगळा आकडा खोटा करतात. होल ब्लडमध्ये करा आणि दर ग्रॅम हिमोग्लोबिनमागे लिहा, कारण डेंग्यूत प्लाझ्मा लीक झाल्यावर हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) वर जातं आणि दर मिलीलिटरचा आकडा फसवतो. सॅम्पल मात्र थांबत नाही, लगेच मेटाफॉस्फोरिक अ‍ॅसिडने प्रोटीन पाडावं लागतं. लॅब वॉर्डच्या शेजारी असेल तरच हे घ्या, भर उन्हात गाडीवरून सॅम्पल आणायचं असेल तर नकोच.

तसं असेल तर प्रोटीन कार्बोनिल बरं. डीएनपीएच नावाच्या रसायनाने होतं, फ्रीझरमध्ये बऱ्यापैकी टिकतं, फक्त पाडलेल्या प्रोटीनचा गोळा धुता धुता त्यातलं काही निघून जातं म्हणून शेवटी उरलेलं प्रोटीन मोजून दर मिलिग्रॅममागेच द्या.

टोटल अँटिऑक्सिडंटवर माझा विश्वास नाही. एफआरएपी या त्याच्या टेस्टच्या आकड्यात निम्म्याहून जास्त वाटा युरिक अ‍ॅसिडचा असतो, म्हणजे पेशंटची किडनी बसली की युरिक अ‍ॅसिड चढतं आणि रिपोर्टात दिसतं की अँटिऑक्सिडंट मस्त आहे! वर घरचे पपईच्या पानांचा रस, संत्र्याचा ज्यूस, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या देऊन राहिले असतात. एसओडी कधी चढतो कधी पडतो, दोन्हीचा अर्थ लावता येतो, मग सिद्ध काय करणार? आयसोप्रोस्टेन (हीही जळालेल्या चरबीचीच राख) उत्तमच, पण मास स्पेक्ट्रोमेट्रीचं मशीन हाताशी असेल तर.

आता कुठलाही मार्कर घ्या, आपल्या विदर्भात सिकलसेल आहे हे विसरू नका. सिकलच्या आरबीसीत ग्लुटाथायोन आधीच कमी असतं, जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्यांचंही तेच, त्यामुळे सिकलसाठीची सोल्युबिलिटी टेस्ट सगळ्यांची करा (जी-सिक्स-पीडी त्यात दिसत नाही). खर्रा (तंबाखू-सुपारी), सिगारेट, शुगर पण फॉर्मवर विचारा. कंट्रोल म्हणून धडधाकट स्टाफचं रक्त घेऊ नका, कुठल्याही तापात एमडीए वाढतं, म्हणून डेंग्यू निगेटिव्ह आलेले तापाचेच पेशंट घ्या. आणि तापाचा दिवस लिहाच, कारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो तेव्हा घरचे सुटलो म्हणतात आणि खरा धोका तिथेच सुरू होतो, दुसऱ्या दिवसाचं एमडीए सहाव्या दिवसाशी लावून काही कळत नाही.

लॅब जवळ असेल तर ग्लुटाथायोन आणि एमडीए, दूर असेल तर कार्बोनिल आणि एमडीए, माझं मत एवढं. सोबत रोजचं हिमॅटोक्रिट, प्लेटलेट, एसजीओटी (लिव्हरची टेस्ट) ठेवा आणि तुमचा मार्कर त्यांच्यापेक्षा काही जास्त सांगतो का तेच तपासा. हिमॅटोक्रिट २० टक्के चढलं की डॉक्टर सावध होतोच, तुमचा आकडा त्याच्या आधी चढला तरच कामाचा.

आणि घरचंच कुणी अ‍ॅडमिट असेल अन् कुणी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचं पॅकेज सुचवलं तर ते पैसे राहू द्या. हिमॅटोक्रिट आज किती, काल किती आणि लघवी नीट होते का, हे सकाळ-संध्याकाळ सिस्टरला विचारत राहा.