आधी एमएस्सी की आधी जंगल?

बीएस्सी झाली आहे, वन्यजीवांवरच काम करायचं हे ठरलंय, आणि घरात रोज विचारणा होते, "पुढे काय?" लगेच वन्यजीवशास्त्रात एमएस्सी करावी, की आधी एखाद्या प्रकल्पावर फील्ड असिस्टंट म्हणून जावं, यावर बहुतेकांची गाडी अडते. मी दुसऱ्या वाटेने गेलो, त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरा.

एमएस्सी म्हटलं की पहिली दोन नावं येतात देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बेंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र. बेंगळुरूचा अभ्यासक्रम 2004 मध्ये सुरू झाला. तिथे प्रवेश वर्षाआड होत आलेत आणि जागा पंधराच्या आसपास. संधी हुकली तर लांबते. पण तिथे जे शिकायला मिळतं ते रानात बसून येत नाही, ते म्हणजे संख्याशास्त्र. 2022 च्या गणनेत देशात 3,682 आणि महाराष्ट्रात 444 वाघ निघाले. एवढे वाघ कुणी डोकी मोजून पाहिलेले नाहीत. कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात, आलेले वाघ पट्ट्यांवरून ओळखायचे, कोण पुन्हापुन्हा येतो ते पाहायचं आणि त्यावरून न आलेल्यांचा अंदाज बांधायचा, अशी ती रीत. हे गणित ज्याला येतं तो प्रकल्प आखतो. बाकीचे बॅटऱ्या बदलतात. मी दोन वर्षं बदलल्या.

तरी त्या दोन वर्षांचा मला पस्तावा नाही. ताडोबा व्याघ्रप्रकल्पाच्या बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या गावांच्या पट्ट्यात, मार्च-एप्रिलला बायका भल्या पहाटे मोहफुलं वेचायला जातात, मेमध्ये तेंदूपत्ता सुरू होतो. फुलं वेचणारा माणूस तासन्‌तास वाकलेला असतो, आणि वाघाला तो उभ्या माणसासारखा दिसत नाही. हे वाचलेलं होतं. पण सोबत टोपली घेऊन दोन तास वाकलो तेव्हा मान वर करून आजूबाजूला पाहायचंच राहून जातं, हे कळलं. आपण विचारतो तो प्रश्न गावाचाही आहे का, हे अशाच वेळी उमगतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्यात वन्यजीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊसपट्ट्यातल्या बिबट्यांचा अभ्यास केला. अभ्यासाच्या पट्ट्यात अभयारण्य नाही, हरणं नाहीत, आणि विष्ठेतून निघालं की बिबट्यांचं मुख्य खाणं गावातली कुत्री. वाट चुकून गावात आलेलं जनावर, ही समजूत त्यातून ढासळली. बिबट्या तिथलाच रहिवासी निघाला.

परवानगीचा मुद्दा कुणी आधी सांगत नाही. अभयारण्यात अभ्यास करायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. एमएस्सीच्या प्रबंधाला मिळतात थोडेच महिने, त्यातले काही कागद हलण्यात जाऊ शकतात. चालू प्रकल्पावर गेलात तर परवानगी बहुधा आधीच झालेली असते.

पैशात मात्र फील्डची बाजू लंगडी. सरकारी निधीवरच्या प्रकल्पात जेआरएफला (कनिष्ठ संशोधकाला) महिना 37,000 रुपये आणि घरभाडं, पण त्याला पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा गेट ही परीक्षा लागते. नुसत्या बीएस्सीवाल्याला यापेक्षा बरंच कमी मिळतं, तेही वेळेवर येईलच असं नाही. माझं मानधन एकदा चार महिने आलं नव्हतं. तांदूळ-डाळ गावातल्या किराणावाल्याच्या वहीवर चालली.

तिसरी वाट वनसेवेची: एमपीएससीतून वनक्षेत्रपाल किंवा सहाय्यक वनसंरक्षक, यूपीएससीतून भारतीय वन सेवा. तिथे शारीरिक चाचणीत मुलांना चार तासांत 25 किलोमीटर, मुलींना 14 किलोमीटर चालावं लागतं. गस्त, पंचनामा, नुकसानभरपाई हे सगळं तुमच्या हातात येतं, आणि संशोधन मागे पडतं. मनात प्रश्न असतील तर ही वाट पर्याय म्हणून धरू नका.

माझं मत असं: यंदाच प्रवेश मिळाला असेल तर सोडू नका, जा. नसेल, तर वर्षभर फील्ड करा. वर्षभरच. दुसऱ्या वर्षी मी नवं काही शिकलो नाही. त्या वर्षात रात्री रिकाम्या असतात, तेव्हा 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिकायला घ्या. आणि विदा (गोळा केलेली माहिती) कुणाच्या नावावर जाणार, शोधनिबंधात नाव येणार का, विमा आहे का, हे रुजू होण्याआधी लेखी घ्या.

जमलं तर आणखी एक करा. होकार कळवण्यापूर्वी कॅम्पजवळच्या किराणा दुकानात चक्कर मारा. आधीच्या पोरांची उधारी किती थकली आहे, ते दुकानदार वही न उघडता सांगेल.