गिनी पिगचं गजकर्ण: मायकोनाझोल शॅम्पू आणि इट्राकोनाझोल, काही महिने वापरल्यावरचा अनुभव

आमच्याकडे दोन गिनी पिग आहेत, चिंगी आणि राणी, पावसाळ्यात चिंगीच्या नाकावरचे केस जायला लागले, मग डोळ्याभोवती गोल चट्टा, वर पांढरट खपल्या आणि कडेने लालसर. यांना गजकर्ण बहुतेक तोंडापासूनच सुरू होतं आणि मग पाठीवर उतरतं. ती खाजवत मात्र फार नव्हती. हे नीट बघा, कारण माइट्स (कातडीतले बारीक किडे) असतील तर बिचारं जनावर खाजवून खाजवून रक्त काढतं, कधी फिटसुद्धा येते, आणि त्याचं औषध पूर्ण वेगळं.

डॉक्टरांनी चट्ट्याच्या कडेचे केस चिमट्याने उपटून मायक्रोस्कोपखाली बघितले आणि कल्चरला, म्हणजे त्यातून बुरशी उगवते का बघायला, लॅबमध्ये पाठवले. बुरशी तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली काही चमकलं नाही म्हणून बुरशी नाही असं धरू नका, मांजरांची मायक्रोस्पोरम कॅनिस चमकते, गिनी पिगला होते ती बहुतेक ट्रायकोफायटन, ती चमकत नाही.

आता औषधांबद्दल. शॅम्पू मायकोनाझोल २% आणि क्लोरहेक्सिडिन २% वाला, कुत्र्या-मांजरांसाठी मिळतो तोच, आठवड्यातून दोनदा. फेस करून १० मिनिटं अंगावर ठेवायचा असतो आणि इथेच खरी परीक्षा, चिंगी टबातून उडी मारायला बघते म्हणून मी एका हाताने धरते आणि मुलगी समोर कोथिंबिरीची काडी धरते, काडी संपली की दुसरी. मग कोमट पाणी, टॉवेल, आणि पूर्ण कोरडं करणं मस्ट, ओलं राहिलं तर सर्दीचं टेन्शन. खपल्या पटकन सुटल्या, वासही उग्र नाही. पण तोंडाला शॅम्पू लावता येत नाही, तिथे क्लोट्रिमाझोलचं साधं १% क्रीम अगदी पातळ, डोळ्यापासून लांब.

मेडिकलमध्ये खाजेसाठी सर्रास देतात ते स्टेरॉइड मिक्स असलेलं मलम कृपया कृपया लावू नका!! दोन दिवस लाली कमी दिसते आणि आत बुरशी पसरते.

माझ्या मते खरा फरक पडला तो पोटातल्या औषधाने. इट्राकोनाझोल, किलोला ५ ते १० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, काही आठवडे. अडचण अशी की माणसांची कॅप्सूल १०० मिलिग्रॅमची आणि गिनी पिगचं वजन जेमतेम किलोभर, घरी भाग पाडणं शक्यच नाही, डॉक्टरांकडूनच डोस बनवून घ्या. याने भूक मंदावू शकते आणि गिनी पिगने खाणं सोडलं की पोट बंद पडतं, म्हणून मी किचनच्या काट्यावर रोज वजन करायचे. एकदा थोडं उतरलं तेव्हा डॉक्टरांना लगेच फोन केला, त्यांनी डोस कमी केला, मग चिंगी परत गवतावर तुटून पडली.

राणीला काहीच दिसत नव्हतं तरी तिलाही शॅम्पू केला, कारण चट्टे न दिसताही बुरशी अंगावर असू शकते. मुलीच्या हातावर गोल चट्टा आलाच, तिला स्किनवाल्या डॉक्टरांकडे नेलं. हे माणसांना लागतं, लहान मुलांना जास्त, त्यामुळे ग्लोव्हज घाला.

आणि पिंजरा! केसांबरोबर गळलेले बीजाणू महिनोन् महिने जिवंत राहतात. लाकडी घरटं सरळ फेकून दिलं, फ्लीसची कापडं गरम पाण्यात, प्लॅस्टिकचा ट्रे आधी घासून मग ब्लीच एकास दहा पाणी, १० मिनिटं, नंतर भरपूर धुऊन उन्हात. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

बाकी ढोबळी मिरची रोज दिली, व्हिटॅमिन सी यांच्या शरीरात तयार होत नाही.

नाकावर केस परत आले तरी डॉक्टरांनी औषध लगेच थांबवू दिलं नाही, परत कल्चर निगेटिव्ह आल्यावरच बंद केलं. शॅम्पू मी परत घेईन. पण नुसत्या शॅम्पूवर बरं होईल म्हणून कोणी बसून राहू नका, विशेषतः चट्टे पाठीवर उतरले असतील तर.